शंभरातल्या कांड्या

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं
पेरूसारखं, देठाशी चार नळ्या.
म्हणाले, ही झडप नीट मिटत नाही,
पुढं जायचं रक्त थोडं मागं येतं.
मी नुसती मान हलवली.
बाहेर आल्यावर मामा म्हणाला,
फुटवॉल गळतोय गं, दुसरं काय.
तेव्हा कळलं.

लहानपणी घसा धरायचा, गुडघे सुजायचे.
आई हळदीचा लेप लावायची, वाढीचं दुखणं म्हणायची.
ते गुडघ्यातनं कधी उठलं
आणि छातीत कधी येऊन बसलं
कुणी पाहिलं नाही.
मी विट्यात, ढोल्यांच्या शेडमध्ये कांड्या भरत होते.
चोवीस मागांच्या खडखडाटात
आपलं आपल्याला काय ऐकू येणार.

धातूची बसवू की जनावराची?
जनावराची दहा-बारा वर्षं, मग पुन्हा छाती उघडायची.
धातूची जन्मभर, पण गोळीही जन्मभर,
रक्त पातळ ठेवायची.
आणि पुढं मूल हवं असेल तर...
इथं त्यांनी पेन खाली ठेवलं.
नवरा खिडकीतून रिक्षा मोजत होता.
मी एकोणतीस. पोरगा तिसरीत.
म्हटलं, धातूची.

धोका किती?
शंभरात तीन-चार.
शंभरात तीन-चार कांड्या तर रोजच तुटतात,
आपण गाठ मारतो, माग पुन्हा चालू.
एवढंच की
कुठली तुटणार, ते कांडीला ठाऊक नसतं.

शेजारच्या खाटेवर जैनब मुजावर, कवठेमहांकाळची.
बेदाणा निवडायची शेडवर.
सडका दाणा डोळ्यांआधी बोटांना कळतो, म्हणायची.
डॉक्टरच्या बोटांकडे बघून घेतलंय मी,
भिऊ नको.
तिला आदल्या दिवशी नेलं, मला दुसऱ्या.

नंतरचं तुकड्यातुकड्यानं आठवतं.
घशात नळी. हात बांधलेले.
तहान, जिला शब्द नव्हता.
सिस्टर रूथनं कापूस ओला करून ओठांवर फिरवला,
तेवढ्या पाण्याची चव अजून आहे.
खोकताना उशी छातीशी धर, म्हणाली.
फुंकायला तीन गोळ्यांचं खेळणं दिलं;
पहिली हलली,
दुसरी चौथ्या दिवशी,
तिसरी घरी आल्यावर पोरानंच उडवली.

रात्री वॉर्ड शांत झाला आणि
टिक.
मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ.
भिंतीवर घड्याळ नव्हतं.

कार्डावर लिहिलं: शस्त्रक्रिया यशस्वी, प्रकृती स्थिर.
पोरगा महिनाभर कुशीत आला नाही, याची नोंद नाही.
मेथी बेतानं, रक्ताची तपासणी महिन्याला,
पाट लागला तरी मांडीवर निळा डाग.
पण मी जिना चढते. बोलत बोलत चढते.
पूर्वी तिसऱ्या पायरीवर थांबून
पदर नीट करायचं नाटक करायची.

जैनबच्या कार्डावरही तेच लिहिलंय,
यशस्वी.
सहाव्या आठवड्यात तिच्या गोळ्या संपल्या,
तालुक्याला मिळाल्या नाहीत,
चारच दिवस.
उजवा हात गेला, बोलणं गेलं.
झडप मात्र चांगली चालते, डॉक्टर म्हणाले.
ती कुठल्या शंभरात धरायची
मी विचारलं नाही.

महिन्यातनं एकदा तपासणी झाली की मी फोन लावते.
तिची लेक धरते फोन अम्मीच्या कानाशी.
मी सांगते रिपोर्ट, ढोल्यांची कुरकुर, पोराचं गणित.
पलीकडं नुसता श्वास.

परवा बोलता बोलता इथली वीज गेली.
चोवीस माग एका दमात गप्प.
इंदूबाई म्हणाली, काय वाजतंय गं?
मी फोन कानावरून काढून पदराआड धरला.
पुन्हा कानाला लावला, तर
लेकीनंही तिकडं तसंच केलेलं.
टिक.
जराशी खरखर. टिक.
माझ्यापेक्षा थोडी सावकाश.

मावशी, आलं का ऐकू?
आलं, म्हणणार होते,
तेवढ्यात वीज आली.